चाकांवरील कमानींचे जतन : खडी, चिखल आणि गंज यांपासून ग्रामीण वाहनांचे रक्षण

लसीकरणाचे पथक दूरच्या वाडीवर पोहोचवावयाचे असो, पीकपाहणी करावयाची असो, शाळेची तपासणी असो किंवा पुरात अडकलेल्या गावाला धान्य न्यावयाचे असो, अशा कामांसाठी जीप किंवा तिच्यासारखे दणकट वाहनच उपयोगी पडते. १९४७ नंतर आपल्या देशात विलीज जीप आणून जोडण्याचे काम महिंद्र कंपनीने हाती घेतले आणि १९४९ साली मुंबईतील माझगाव येथे अशी पहिली जीप तयार झाली. तेव्हापासून हे वाहन शासकीय कार्यालये, सहकारी संस्था आणि शेतकरी यांच्या दैनंदिन व्यवहारात रुळले आहे. मात्र अशा वाहनाचे इंजिन, टायर व ब्रेक यांकडे जितके लक्ष दिले जाते, त्याच्या दशांशही लक्ष चाकांवरील पत्र्याच्या कमानींकडे, म्हणजे मडगार्डच्या आतील बाजूकडे, दिले जात नाही. वास्तविक वाहनाचा सांगाडा कुजण्यास पुष्कळदा येथूनच आरंभ होतो. ही झीज कशी होते आणि थोड्या खर्चात ती कशी रोखता येते, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

कमान कशासाठी असते?

चाक फिरत असताना टायरच्या नक्षीत अडकलेले खडे, चिखल व पाणी बाहेर फेकले जाते. ही फेक अडविणे हे कमानीचे मुख्य काम होय. कमान नसेल, तर मागील वाहनाची काच आणि रस्त्याने चालणारी माणसे यांना इजा होईल. कमानीचे दुसरेही एक काम आहे व ते तितकेच महत्त्वाचे आहे. तिच्या आतील बाजूस ब्रेकच्या नळ्या, इंधनाची नळी, विजेच्या तारा आणि हिसके सोसणाऱ्या भागांचे आधार असतात. अनेक आधुनिक वाहनांत दरवाजाखालील पोकळ पट्टीही कमानीला जोडलेली असते. कमान कुजली म्हणजे केवळ पत्र्याला भोक पडले, असे समजणे चुकीचे आहे. त्या भोकातून पाणी पोकळ पट्टीत शिरते, नळ्यांवरील आवरण झिजते आणि घाटात उतरताना ब्रेक निकामी होण्यापर्यंत मजल जाऊ शकते.

खड्याचा आघात केवढा असतो, हे साध्या हिशोबाने कळते. टायरच्या नक्षीतून सुटलेला खडा जवळजवळ गाडीच्या वेगाइतक्याच वेगाने कमानीवर आदळतो. गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर हा वेग सेकंदाला सुमारे १६.७ मीटर भरतो. सुमारे १४ मीटर उंचीवरून, म्हणजे चार मजली इमारतीच्या गच्चीवरून, सोडलेला खडा जमिनीवर पडताना जेवढा वेग घेतो, तेवढाच हा वेग आहे. तोच खडा ताशी ३० किलोमीटर वेगाला केवळ साडेतीन मीटर उंचीवरून पडल्याप्रमाणे लागतो. वेग निम्मा केला की आघाताची शक्ती चौथाईवर येते. म्हणून नुकतीच खडी पसरलेल्या रस्त्यावरून गाडी सावकाश हाकणे हा कमानीच्या रक्षणाचा पहिला आणि बिनखर्चाचा उपाय होय.

अंबरपेठचा धडा

या विषयाचे उत्तम उदाहरण शेजारच्या तेलंगण राज्यातील हैदराबाद शहरात पाहावयास मिळते. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचा भाग होता. त्या काळापासूनचे नातेसंबंध, व्यापार, औषधोपचार व शिक्षण या निमित्ताने नांदेड, लातूर, धाराशिव या भागांतील वाहने आजही हैदराबादला जात-येत असतात. त्या शहरातील अंबरपेठ हा भाग मूसी नदीच्या उत्तर तीरावर, काचीगुड्याच्या पूर्वेस वसलेला असून वरंगळकडे जाणारा हमरस्ता याच भागातून जातो.

अंबरपेठ आणि पलीकडील तीर यांना जोडणारा मुसारामबागचा जुना पूल कमी उंचीचा होता. मूसीच्या वरच्या अंगास उस्मानसागर व हिमायतसागर हे जलाशय आहेत. १९०८ सालच्या भयंकर महापुरानंतर पूरनियंत्रणासाठी ते बांधण्यात आले. अतिवृष्टीत या जलाशयांचे दरवाजे उघडावे लागले की खाली अंबरपेठजवळ नदीची पातळी चढते. ऑक्टोबर २०२० मधील अतिवृष्टीत आणि पुन्हा जुलै २०२२ मध्ये हा पूल पाण्याखाली गेला व त्यावरील वाहतूक बंद करावी लागली.

अशा पुराचे पाणी पावसाच्या स्वच्छ पाण्यासारखे नसते. मूसीत शहराचे सांडपाणी मोठ्या प्रमाणावर मिसळते. अंबरपेठ येथेच दररोज सुमारे ३३ कोटी ९० लक्ष लिटर क्षमतेचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे, यावरून त्या प्रवाहाची कल्पना यावी. सांडपाण्यात क्षार, साबणाचे अंश व कुजणारे सेंद्रिय पदार्थ असतात. पूर ओसरल्यावर त्याचा काळा गाळ वाहनांच्या कमानींत, पोकळ पट्ट्यांत व सांध्यांत बसून राहतो. वरून गाडी धुऊन लखलखीत केली तरी आतील गाळ तसाच राहतो आणि काही महिन्यांनी रंगाला फोड येऊ लागतात.

याखेरीज अंबरपेठच्या परिसराचे आणखी एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्यासारखे आहे. हैदराबाद शहर सुमारे अडीच अब्ज वर्षांपूर्वीच्या ग्रॅनाइट खडकावर उभे आहे. तेथील खडीत व धुळीत गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे, कण भरपूर असतात. खनिजांच्या काठिण्याच्या मोहस मापनात क्वार्ट्झचा क्रमांक ७ आहे. वाहनाचा पत्रा याहून पुष्कळ मऊ असतो आणि त्यावरील रंग तर त्याहूनही मऊ. याच्या उलट, मराठवाड्यातील खडक बसाल्टचा असून त्यापासून तयार झालेली भारी काळी जमीन पावसाळ्यात गोंदासारखी चिकटते. लातूरहून हैदराबादला जाणारे वाहन कमानीत काळा चिखल घेऊन निघते आणि पुढे गारेच्या कणांचा मारा सोसते. परतीच्या वाटेवर या क्रमाचा परिणाम अधिक वाईट होतो. खड्यांनी रंगावर टवके पाडलेले असतात आणि त्या उघड्या पत्र्यावर काळी माती येऊन बसते. थोडक्यात, खडा दार उघडतो, चिखल ओल धरून ठेवतो आणि क्षार गंजण्याचा वेग वाढवितात.

चिखलाचे पोटीस

लोखंड गंजण्यास पाणी आणि प्राणवायू या दोन्हींची आवश्यकता असते. केवळ कोरड्या हवेत ते गंजत नाही. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या वर गेली म्हणजे गंजण्याची क्रिया जोर धरते. ही क्रिया विजेच्या घटासारखी चालते. पत्र्याच्या एका जागी लोखंड विरघळते, दुसऱ्या जागी प्राणवायू खर्ची पडतो आणि या दोहोंमधील विद्युत्‌प्रवाह ओलाव्यातून वाहतो. ओलाव्यात क्षार मिसळले की तो प्रवाह सुलभ होतो.

शेकण्यासाठी बांधलेले पोटीस जशी ऊब व ओल धरून ठेवते, तसाच कमानीतील चिखलाचा गोळा वागतो. बाहेरून तो वाळलेला दिसतो. परंतु पत्र्याला लागून असलेला थर अनेक दिवस दमट राहतो. काळ्या मातीतील चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगत असल्यामुळे तिच्यात हा गुण विशेष असतो. शिवाय गोळ्याच्या कडेला प्राणवायू भरपूर पोहोचतो आणि मध्यभागी तो कमी पडतो. या फरकामुळे कडेपेक्षा गोळ्याखालचा पत्राच खोल कोरला जातो. म्हणूनच गंजाची भोके नेहमी झाकलेल्या जागी पडतात आणि ती दिसतात तेव्हा फार उशीर झालेला असतो.

गंज मूळ लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट जागा व्यापतो. त्यामुळे तो शेजारच्या रंगाला आतून उचलतो, तेथे नवी फट तयार होते आणि तीत पुन्हा पाणी शिरते. बहुतेक वाहनांच्या पत्र्याची जाडी एक मिलिमीटरहूनही कमी असते, हे लक्षात घेतले म्हणजे एखाद्या लहानशा फोडाकडेही दुर्लक्ष करून का चालत नाही, ते कळेल.

कोकणातील वाहनांची स्थिती थोडी निराळी आहे. तेथे जांभ्याचा लाल चिखल काळ्या मातीइतका चिवट नसतो. परंतु समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे कण असतात. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की मीठ हवेतील पाणी ओढून स्वतःच ओले होते. त्यामुळे पाऊस नसतानाही पत्रा ओला राहतो. मासळी, मिठागरातील मीठ व रासायनिक खते यांची वाहतूक करणाऱ्या गाड्यांनाही हीच बाधा होते. पोटॅशच्या खतात क्लोराइड असते, हे शेतकरी बंधूंनी विसरू नये. खताची पोती उतरविल्यावर हौदा झाडून धुण्याबरोबरच चाकांच्या कमानीही धुवाव्यात.

धुणे व तपासणी

कमानींच्या जतनात सर्वांत मोठा वाटा पाण्याच्या नळीचा आहे. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा, तसेच पूरग्रस्त भागातून, खाजणातून किंवा शेतातील चिखलातून गाडी आल्यास त्याच दिवशी, कमानी आतून धुवाव्यात. चिखल ओला असतानाच निघतो. वाळल्यावर तो खरवडावा लागतो आणि खरवडताना रंग जातो. पुढील चाके एकदा पूर्ण डावीकडे व एकदा पूर्ण उजवीकडे वळवून धुतल्यास कमानीचे सर्व कोपरे हाती लागतात. कमानीच्या कडेची आत वळलेली घडी बोटांनी चाचपून पाहावी, कारण माती साचण्याची ती हमखास जागा आहे. अतिदाबाच्या यंत्राने धुताना पाण्याचा झोत ब्रेकच्या रबरी नळ्या, विजेच्या जोडण्या व बेअरिंगची सीले यांवर जवळून मारू नये. धुतल्यानंतर गाडी थोडी चालवून, ब्रेक दोन-चार वेळा हलके लावून मगच उघड्यावर वाळत ठेवावी. ओली गाडी बंद शेडमध्ये लावू नये.

पोकळ पट्ट्यांच्या तळाशी पाणी निचऱ्याची लहान छिद्रे असतात. ती चिखलाने बुजल्यास पट्टी आतून पाण्याने भरते. मऊ तारेने किंवा काडीने ही छिद्रे मोकळी ठेवावीत. कमानीत प्लॅस्टिकचे अस्तर असेल, तर ते खड्यांचा मारा उत्तम सोसते. मात्र त्याच्या मागे गेलेला चिखल दिसत नाही. म्हणून वर्षातून निदान एकदा अस्तर काढून मागील बाजू धुवावी आणि तुटलेल्या क्लिपा बदलाव्यात.

तपासणीसाठी गाडी सपाट व टणक जागी उभी करावी, हातब्रेक लावावा आणि उरलेल्या चाकांच्या पुढे-मागे ठोकळे द्यावेत. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरही, शिरू नये. लोखंडी घोडी लावल्याखेरीज चाक काढून काम करू नये.

लेप देण्याची रीत

लेप देण्याचे काम वैशाख-ज्येष्ठाच्या उन्हात, म्हणजे पावसाळ्यापूर्वी, उरकणे योग्य होय. त्यातील पायऱ्या पुढीलप्रमाणे आहेत :

(१) कमान साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्यावी. ग्रीस व डांबराचे डाग योग्य द्रावकाने पुसावेत.

(२) सुटलेला रंग व गंज तारेच्या ब्रशाने आणि पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काढावा. डोळ्यांवर चष्मा व नाकावर फडके असावे.

(३) खोल खाचांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्ल किंवा टॅनिन असलेले गंजरोधक द्रावण लावावे. त्यामुळे उरलेला गंज स्थिर होतो. परंतु पोखरलेल्या पत्र्याला त्याने पुन्हा बळ येत नाही.

(४) त्यावर जस्तयुक्त किंवा इपॉक्सी प्रायमर द्यावा. जस्तयुक्त प्रायमर मात्र स्वच्छ, उघड्या पत्र्यावरच द्यावा, कारण जस्त पत्र्याला लागून असेल तरच ते स्वतः झिजून लोखंडाला वाचविते. जस्तलेपित पत्र्यावर लहानसा ओरखडा आला तरी तो लगेच गंजत नाही, याचे कारण हेच.

(५) प्रायमर सुकल्यावर खड्यांचा मारा सोसणारा लवचीक लेप दोन पातळ थरांत द्यावा. रबरयुक्त लेप आघात झेलून परत पूर्ववत होतो. निव्वळ डांबरी लेप स्वस्त असला तरी कालांतराने कडक होऊन तडकतो.

(६) पोकळ पट्ट्यांत व पत्र्याच्या घड्यांत लांब नळीच्या साहाय्याने पातळ मेणाचा फवारा द्यावा. हे मेण फटींत झिरपते. निचऱ्याची छिद्रे मात्र बुजू देऊ नयेत.

लेप ब्रेकच्या तबकड्या, रबरी नळ्या, धुराड्याची नळी आणि हलणारे सांधे यांवर पडू नये, यासाठी हे भाग आधी कागदाने झाकून घ्यावेत.

काय करू नये?

गंजावर थेट डांबरी लेप फासणे ही सर्वत्र आढळणारी चूक आहे. वरून काळे व गुळगुळीत दिसते. परंतु आत अडकलेली ओल आपले काम करीतच राहते, आणि आता ते काम कोणाच्या दृष्टीसही पडत नाही. भोक पडलेल्या जागी लांबी भरून रंग देणे हीदेखील निव्वळ डोळ्यांची फसवणूक होय. लांबी पाणी शोषते आणि तिला भार सोसवत नाही. कुजलेला भाग कापून तेथे नवा पत्रा जोडणे हाच खरा उपाय असून, आधारांजवळील जोडकाम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे. जोडकामाच्या उष्णतेने मागील बाजूचा लेप जळतो, म्हणून तेथे पुन्हा प्रायमर व मेण द्यावयास विसरू नये.

इंजिनातून काढलेले जळके ऑइल कमानींना फासण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. हे ऑइल पावसात धुऊन शेतात व विहिरीत जाते, रबरी भाग फुगविते आणि हाताळणाऱ्याच्या त्वचेसही अपायकारक असते. कायद्याने त्याची गणना घातक कचऱ्यात होते. ते अधिकृत संकलकाकडेच द्यावे.

दिमाखासाठी कमानीबाहेर येणारे रुंद टायर बसविण्याची हौसही अलीकडे वाढली आहे. असे टायर चिखल व खडे बाहेर उडवितात आणि दरवाजांचा रंग घालवितात. शिवाय निर्मात्याने ठरविलेल्या रचनेत परवानगीवाचून बदल करण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये मनाई आहे. चाकामागे रबरी चिखलपट्टी लावणे मात्र हितकारक असते. ती लावताना पत्र्याला पाडलेल्या छिद्रांच्या कडांना प्रथम प्रायमर लावावा. तसे न केल्यास रक्षणासाठी पाडलेले छिद्रच गंजाचे माहेरघर बनते.

पुराच्या पाण्यातून गाडी घालणे हा तर सर्वांत मोठा अविचार होय. सुमारे ६० सेंटिमीटर खोलीचे वाहते पाणी दणकट गाडीलाही वाहून नेऊ शकते. पूल किंवा फरशी पाण्याखाली असेल, तेव्हा पाणी ओसरेपर्यंत थांबावे. गाडीचा गंज काढता येतो, गेलेला जीव परत आणता येत नाही.

शिक्षकांसाठी एक प्रयोग

शाळेत हा विषय सहज दाखविता येईल. जुन्या डब्याच्या पत्र्यावर बहुधा कथिलाचा थर असतो; म्हणून साध्या लोखंडी पत्र्याचे चार तुकडे घेऊन पॉलिश पेपरने घासावेत. पहिला तुकडा कोरडा ठेवावा. दुसऱ्यावर साध्या पाण्याचे थेंब रोज टाकावेत. तिसऱ्यावर ओल्या काळ्या मातीचा गोळा व चौथ्यावर मिठाच्या पाण्यात भिजविलेल्या त्याच मातीचा गोळा ठेवून तो दमट राखावा. पंधरा दिवसांनी माती धुऊन विद्यार्थ्यांना चारही तुकडे पाहू द्यावेत. कोणता तुकडा अधिक कोरला गेला आणि गोळ्याखालच्या मध्यभागाची व कडेची स्थिती कशी आहे, याची नोंद त्यांनी स्वतः करावी. लोखंड का गंजते, हे पाठांतरापेक्षा अशा निरीक्षणाने अधिक पक्के समजते. वाहनांच्या लेपांची प्रयोगशाळेत परीक्षा करतानाही तत्त्व हेच असते. तेथे नमुने ३५ अंश सेल्सिअस तापमानात शेकडा ५ टक्के मिठाच्या पाण्याच्या धुक्यात ठेवून त्यांची टिकाऊ शक्ती अजमावितात.

कार्यालयांची जबाबदारी

शासकीय वाहनांची नोंदणी १५ वर्षांनंतर नूतनीकृत न करण्याचा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला आहे. याचा अर्थ वाहन १५ वर्षे कसेही टिकेल असा नव्हे. या संपूर्ण मुदतीत ते सुरक्षितपणे चालले पाहिजे. आरोग्य केंद्राचे वाहन सातव्या-आठव्या वर्षीच पत्रेकामासाठी महिनाभर गॅरेजमध्ये पडून राहिले, तर त्याची किंमत दुरुस्तीच्या देयकात दिसत नाही. वाहनाअभावी वेळेवर दवाखान्यात न पोहोचलेल्या बाळंतिणीला ती मोजावी लागते.

यासाठी फार मोठी व्यवस्था लागत नाही. वाहनाच्या लॉगबुकात पावसाळ्यात दर आठवड्याला ‘कमानी धुतल्या’ एवढी नोंद चालकाने करावी. मे महिन्यात चारही चाके काढून तपासणी व्हावी, आवश्यक तेथे लेप द्यावा. ऑक्टोबरमध्ये पाऊस सरल्यावर पुन्हा पाहणी करून टवके गेलेल्या जागा झाकाव्यात. वाहन पुरात सापडले असल्यास अस्तरे काढून आतील गाळ धुतल्याखेरीज ते सेवेत घेऊ नये. चालकाला यासाठी वेळ, पाणी व ब्रश उपलब्ध करून देणे हे कार्यालय प्रमुखाचे कर्तव्य होय.

आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी घराची कौले चाळण्याची आणि औतांना तेलपाणी करण्याची रीत पूर्वापार आहे. कारण दुर्लक्षाचा खर्च नेहमी देखभालीपेक्षा जास्त येतो, हे शेतकऱ्याला अनुभवाने ठाऊक असते. चार चाकांवरील चार कमानी हे त्या वाहनाचे छप्परच होय. पहिल्या पावसाआधी त्यांच्याकडेही एकदा निगुतीने पाहावे.